हरणांचा फीडर घेताना: पिंप नंतर, आधी टायमर

दर ऑगस्टमध्ये मला एक-दोन फोन येतातच. कोणी टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला पंधरा-वीस एकर घेतलेले असतात, कोणी ऑफिसातल्या मंडळींबरोबर एखाद्या रँचवर शिकारीची लीज घेतलेली असते. प्रश्न एकच: "फीडर कुठला घेऊ?" (फीडर म्हणजे हरणांसाठी ठरल्या वेळी मका टाकणारं यंत्र.) सोबत दुकानातला फोटो. फोटोत तीन पायांवर उभं असलेलं हिरवं पिंप असतं. टायमर त्या फोटोत दिसत नाही, कारण तो खाली डब्यात असतो. आणि तुमचा सीझन चांगला जाणार की वाया, हे त्या तळहाताएवढ्या डब्यातच ठरतं.

आमचं पहिलं वर्ष मला अजून आठवतं. लॅनो गावाजवळची लीज, नोव्हेंबरचा पहिला शनिवार. पहाटे पाचला उठून, थंडीत कुडकुडत आम्ही दोघं लपणात जाऊन बसलो. उजाडलं. फीडर कधी गरगरतो याची वाट पाहत राहिलो. मोटर फिरली की मक्याचे दाणे सुक्या पानांवर तडतडतात, आणि तो आवाज ओळखणारी हरणं झाडीतून बाहेर येतात. त्या दिवशी आवाज झालाच नाही. नऊ वाजता उतरून डबा उघडला, तर आत मुंग्यांचं वारूळ, तारांच्या टोकांवर हिरवा गंज, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम ४ व्होल्ट. वर पिंपात ३०० पौंड मका तसाच पडून. हरणांनी ती जागा किती दिवसांपूर्वी सोडली होती, कोण जाणे. त्यानंतर जे शिकलो ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमानं लिहिते आहे.

महाराष्ट्रातून कोणी वाचत असेल तर आधीच सांगते: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. इथलं सगळं टेक्सससाठी आहे. या राज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे आणि खासगी जमिनीवर हरणांना खाद्य टाकून शिकार करणं कायदेशीर आहे.

खरेदीच्या आधी परवानगी

टेक्ससमध्ये चालतं म्हणून सगळीकडे चालतं असं समजू नका. न्यूयॉर्क, इलिनॉय, व्हर्जिनिया या राज्यांत हरणांना आमिष टाकून शिकार करता येत नाही. टेक्ससमध्येसुद्धा ही मोकळीक खासगी जमिनीपुरती आहे. सार्वजनिक शिकारक्षेत्रात फीडर लावायला जाऊ नका. लीजवर असाल तर फीडर कुठे उभा करायचा, हे मालकाला विचारून लेखी घ्या. शिकारीचा परवाना लागतोच, आणि २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. एच-वन व्हिसावर असाल, तर बंदूक जवळ बाळगण्याबद्दल केंद्रीय कायद्याच्या वेगळ्या अटी आहेत. वैध शिकार परवान्यामुळे त्यात सूट मिळते, पण हे मित्राच्या सांगण्यावर सोडू नका. एकदा वकिलाशी बोलून घ्या.

एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात: होले. टेक्ससच्या मोठ्या भागात होल्यांचा, म्हणजे डव्हचा सीझन १ सप्टेंबरला उघडतो, नेमका आपण फीडर सुरू करतो त्या सुमारास. होला स्थलांतरित पक्षी असल्यानं त्याला केंद्राचा कायदा लागू होतो, आणि त्या कायद्यात आमिष अजिबात चालत नाही. सगळा मका उचलून नेल्यानंतरही १० दिवस ती जागा आमिषाचीच मानली जाते. म्हणून जिथे फीडर चालू आहे तिथे होल्यांवर बंदूक उचलू नका.

दुसरी गोष्ट क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी. हरणांच्या मेंदूला होणारा, प्रायॉन या बिघडलेल्या प्रथिनामुळे पसरणारा, जीवघेणा रोग. टेक्ससमध्ये तो पहिल्यांदा २०१२ मध्ये पश्चिमेकडच्या म्यूल डिअर जातीच्या हरणांत सापडला आणि २०१५ मध्ये मेडिना काउंटीत पाळलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत. लाळेतूनही तो पसरतो, म्हणून हरणं एका जागी तोंडाला तोंड लावून खातील असे मक्याचे ढीग घालणं वाईट. तुमची काउंटी कुठल्या विभागात येते आणि तिथले चालू नियम काय आहेत, हे टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाकडून दरवर्षी नव्यानं तपासा. नियम बदलत राहतात.

कुठल्या जातीचा फीडर

इथे फार वेळ घालवू नका. नवख्यांसाठी मुख्य प्रकार दोनच. एक फिरत्या चकतीचा: वर पिंप, खाली नरसाळं, नरसाळ्याखाली मोटरवर बसवलेली चकती. टायमरनं मोटर सुरू केली की चकती दाणे चहूकडे उडवते. दुसरा गुरुत्वाकर्षणाचा: त्यात मोटरच नसते, नळ्यांतून खाद्य आपोआप उतरतं आणि हरीण हवं तेवढं खातं. दुसरा प्रकार प्रथिनांच्या गोळीखाद्यासाठी असतो. त्यात मका भरलात तर दोन-चार दिवसांत रॅकून (मांजरापेक्षा थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी) आणि डुकरं मिळून तो रिकामा करतील. शिकारीसाठी पहिला प्रकार घ्या.

आकार ठरवताना एक हिशेब उपयोगी पडतो. एक बुशेल (धान्याचं इथलं माप) मका ५६ पौंडांचा धरतात. त्या मापानं ५५ गॅलनच्या पिंपात सुमारे ३३० पौंड मका मावतो, म्हणजे ५० पौंडांची साडेसहा पोती. भारतात जाताना आपण विमानाची जी बॅग काठोकाठ भरतो, तेवढ्या वजनाचं एक पोतं. अशी सहा-सात पोती शिडीवर चढून, डोक्याच्या वर उचलून ओतायची आहेत याचा विचार दुकानातच करा. उंच तिपाई फोटोत छान दिसते, पण ती भरताना शिडीवरून घसरून मनगट मोडून घेतलेली व्यक्ती मला माहीत आहे. जमिनीवर उभं राहून भरता येईल असा बुटका फीडर, किंवा हातानं फिरवायच्या विंचवर खाली-वर होणारा, थोडा महाग पडला तरी घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

पिंप धातूचं घ्या. हिल कंट्रीच्या, म्हणजे मध्य टेक्ससच्या टेकड्यांच्या भागातल्या, उन्हात पातळ प्लास्टिक चार-पाच उन्हाळ्यांत तडकतं, आणि नरसाळं प्लास्टिकचं असेल तर खारी ते कुरतडतात. झाकण हातानं हलवून पाहा. पट्टा किंवा कडी घट्ट बसत नसेल तर वारा नाहीतर रॅकून, दोघांपैकी एक जण ते उघडणारच. आणि आत एकदा पाणी शिरलं की तळाचा मका फुगतो, त्याला कोंब फुटतात, आणि नरसाळ्यात सिमेंटसारखा गठ्ठा बसतो.

टायमर

आता मूळ मुद्दा. दुकानात पिंप, मोटर, टायमर असा तयार संच मिळतो. मौल्ट्री, टेक्सस हंटर, ऑल सीझन्स, बॉस बक अशी नावं तुम्हाला ट्रॅक्टर सप्लाय, अकॅडमी अशा दुकानांत किंवा ऑनलाइन दिसतील. बकीजसारख्या पेट्रोल पंपावरसुद्धा इथे फीडर आणि मक्याची पोती मिळतात. नाव पाहण्याआधी एक गोष्ट विचारा: टायमर, मोटर आणि चकती सुटी मिळते का, आणि साध्या चपट्या पिनांनी जोडलेली आहे का? जी कंपनी सुटे भाग विकते तिचा फीडर दहा वर्षं चालवता येतो. सगळं एकाच सीलबंद डब्यात असेल, तर एक भाग गेला की सगळंच फेकावं लागतं.

टायमर साधारण तीन प्रकारचे मिळतात. जुन्या पद्धतीच्या टायमरला घड्याळच नसतं. त्यात प्रकाश ओळखणारा डोळा असतो, उजाडलं की एकदा आणि मावळलं की एकदा तो मोटर फिरवतो. साधा, टिकाऊ, आणि सूर्याबरोबर आपोआप सरकणारा. मात्र दाट सावलीत तो बावचळतो, आणि संध्याकाळी तो उशिरा फिरतो, नेम धरण्याइतका उजेड संपत आलेला असताना. दुसरा डिजिटल: किती वाजता, किती वेळा, किती सेकंद, हे बटणांनी लावायचं. तिसरा फोनवरून चालणारा. त्याला रँचवर मोबाइलचं नेटवर्क लागतं, बहुतेकदा महिन्याचं शुल्क लागतं, आणि तो बॅटरी जास्त खातो. पहिल्या फीडरसाठी डिजिटल घ्या.

डिजिटलमध्ये काय पाहायचं? बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा. घड्याळ आणि ठरवलेल्या वेळा टिकल्या पाहिजेत. नाहीतर दर वेळी बॅटरी बदलताना, अंधारात टॉर्च तोंडात धरून, सगळं पुन्हा लावत बसाल. चाचणीचं बटण दाबल्यावर मोटर लगेच न फिरता काही सेकंद थांबणारी असावी, म्हणजे आपल्याला बाजूला होता येतं. चकतीवरून उडालेला दाणा चेहऱ्यावर चांगलाच लागतो. फ्यूज असावा, कारण चकतीत काडी अडकली आणि मोटर जागच्या जागी अडली तर फ्यूज नसलेला टायमर जळतो. सकाळ-संध्याकाळ हे स्पष्ट दाखवणारा, किंवा २४ तासांचं घड्याळ असलेला घ्या. सकाळी सातच्या ऐवजी संध्याकाळी सात लावून ठेवलेले किती फीडर मी पाहिलेत, त्याची गणती नाही.

पण ज्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट वेगळीच: टायमर नुसता बसलेला असताना किती करंट खातो? हिशेब करून पाहा. मोटर ३ अँपिअर घेते असं धरू. दिवसातून दोनदा, आठ-आठ सेकंद. महिन्याभरात मोटरनं मिळून ०.४ अँपिअर-तासच वापरले. आता टायमर दिवसाचे २४ तास १० मिलिअँपिअर घेत बसला असेल, तर दिवसाला ०.२४ आणि महिन्याला ७.२ अँपिअर-तास झाले. फीडरमध्ये नेहमी बसते ती १२ व्होल्टची बॅटरी साधारण ७ अँपिअर-तासांची असते. म्हणजे मोटर एकदाही न फिरता बॅटरी महिन्यात संपली! तोच टायमर १ मिलिअँपिअर खाणारा असेल तर महिन्याला पाऊण अँपिअर-तासही जात नाही. आमचा तो पहिल्या वर्षीचा फीडर बंद पडण्याचं एक कारण हेच होतं.

हे मोजणं अवघड नाही. पंधरा-वीस डॉलरचा मल्टिमीटर घ्या, मिलिअँपिअरवर लावा, बॅटरीची लाल तार सोडवून ती तार आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडा, टायमरचा पडदा विझेपर्यंत थांबा आणि आकडा वाचा. मीटर असा जोडलेला असताना चाचणीचं बटण मात्र दाबू नका. मोटरचा करंट मीटरमधून जाईल आणि मीटरचा फ्यूज उडेल. मोजायचं असतं ते फक्त झोपलेल्या टायमरचं. आकडा २-३ मिलिअँपिअरच्या वर गेला, तर पावती जपून ठेवा आणि टायमर परत करा.

बॅटरी आणि सोलर पॅनल

६ व्होल्ट की १२? टायमर आणि मोटर जे मागतात तेच. दोन्हीवर चालणारे टायमर मिळतात, पण मोटर एकाच व्होल्टेजची असते. निवड करता येत असेल तर मी १२ व्होल्ट घेईन. चकती जोरानं फिरते, दाणे दूरवर पसरतात, आणि थोडा अडथळा आला तरी मोटर त्यातून निघते.

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त आणि पुरेशी आहे, मात्र दोन गोष्टी तिला मारतात. पहिली उष्णता. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसनं वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि इथे जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या डब्यात हात लावता येणार नाही इतकं तापतं. दुसरी, अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं. म्हणून बॅटरी घेतली की तिच्यावर मार्करनं तारीख लिहा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी, चार्जरवरून काढून काही तास ठेवल्यावर, १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.१ म्हणजे अर्धी. मीटर लावून चाचणीचं बटण दाबा आणि मोटर फिरताना व्होल्टेज बघा. (इथे मीटर व्होल्टवर आणि बॅटरीच्या दोन टोकांवर, वरची अँपिअरची जोडणी नव्हे.) ते ११ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. एक भरलेली बॅटरी गाडीत कायम जास्तीची ठेवा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि वर्षानुवर्षं टिकते. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, आणि टायमरचा बॅटरी दाखवणारा काटा तिच्या बाबतीत फसवतो, कारण ती संपेपर्यंत व्होल्टेज जवळजवळ तेवढंच दाखवते. पहिल्या वर्षी लेड-ॲसिडवरच राहा.

सोलर पॅनल बॅटरीच्याच व्होल्टेजचं हवं. ते दक्षिणेकडे तोंड करून लावा, ओकच्या फांदीची सावली दुपारी त्यावर येत नाही ना ते पाहा. टायमरमध्ये चार्ज आवरणारी सोय नसेल तर मध्ये छोटा कंट्रोलर बसवा. पॅनल लावलं म्हणजे बॅटरीकडे पाहायचंच नाही, असं मात्र करू नका. पॅनलच्या काचेवर पक्ष्यांची शीट साचते, तार उंदीर कुरतडतात. सगळ्या जोडांना व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. आई गावाकडे पंपाच्या स्टार्टरच्या जोडांना तेच लावायची, आणि इथेही तेच लागू पडतं.

घरीच पंधरा दिवस चालवा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नवे लोक नेमकी तीच गाळतात. खोक्यातून काढलेला फीडर थेट रँचवर नेऊ नका. गॅरेजमध्ये किंवा मागच्या अंगणात उभा करा. पिंपात एक पोतं मका ओता. खाली चादरी अंथरा, बाजूनं खोकी उभी करा, म्हणजे दाणे घरभर उडणार नाहीत. ८ सेकंद लावा आणि फिरवा. चादर गोळा करून दाणे पिशवीत भरा, आणि बॅगा तोलायचा जो हातकाटा प्रत्येक मराठी घरात असतो त्यावर तोला.

आम्ही दोन फीडर असे तोलले. बाहेरून दिसायला जुळे, पण एकानं ८ सेकंदांत ३ पौंड टाकले आणि दुसऱ्यानं ६. फरक होता नरसाळं आणि चकती यांच्यातल्या फटीचा. फट जास्त असेल तर दाणे भरभरून पडतात. फार कमी केली तर दाणा अडकतो. एका वेळी पाव इंच बदला आणि पुन्हा तोला. जितके सेकंद प्रत्यक्षात लावणार तितकेच सेकंद फिरवून तोला, कारण मोटरला वेग घ्यायला पहिला एखादा सेकंद जातो. ८ सेकंदांचं वजन निम्मं केलं की ४ सेकंदांचं येत नाही.

सकाळी ३ पौंड, संध्याकाळी ३ पौंड, असे दिवसाला ६ पौंड. त्या मापानं ३३० पौंडांचं पिंप ५५ दिवस पुरतं. नव्या फीडरला एवढं भरपूर झालं. मका हे हरणांचं जेवण नाही. त्यात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के असतात, आणि हरीण रवंथ करणारं जनावर असल्यानं एकदम पोटभर मका खाल्ला तर पोट आंबून ते दगावूही शकतं. थोडा टाका, रोज टाका, ठरल्या वेळी टाका.

आता टायमर लावून फीडर तिथेच पंधरा दिवस सोडा. रोज दोन्ही वेळा फिरतो का, घड्याळ मागे-पुढे होतं का, पडदा धुरकट होतो का, हे पाहा. पाचव्या दिवशी बागेचा पाइप घेऊन वरून, बाजूनं, खालून पाणी मारा आणि डबा उघडा. आत थेंब दिसला तर झाकणाचं रबर नीट बसवा किंवा सिलिकॉन लावा. अंगणात जो पंधरा दिवस नीट चालला नाही, तो शंभर मैलांवर चालणार नाही. आणि तिथे त्याच्या शेजारी तुम्ही नसणार.

जागा

हरणाला आडोसा सोडून उघड्यावर लांब यायला आवडत नाही. ओक आणि सीडरची झाडी जिथे संपते, त्या कडेपासून थोडं पुढे, मोकळ्यात फीडर उभा करा. लपण बंदुकीसाठी सुमारे १०० यार्डांवर, धनुष्यासाठी २० यार्डांच्या आसपास. उगवता सूर्य डोळ्यांवर येऊ नये. थंडीची लाट आली की वारा उत्तरेकडून वाहतो, एरवी बहुधा आग्नेयेकडून. लपणाचा वास फीडरकडे जाणार नाही अशी बाजू निवडा. आणि गोळीच्या रेषेत मागे टेकडी किंवा मातीचा चढ असलाच पाहिजे. फीडरच्या मागे शेजाऱ्याचं कुंपण, रस्ता किंवा घर असेल तर ती जागा सोडून द्या, कितीही हरणं येत असली तरी.

पाय जमिनीत पक्के करा. रानडुक्कर तिपाईला अंग घासतं आणि पाडतं. प्रत्येक पायाशी लोखंडी टी-पोस्ट ठोकून तारेनं बांधा. डुकरं जास्त असतील तर भोवती जाळीचं रिंगण करा. १६ फूट लांब, ३४ इंच उंच असे तयार पॅनल मिळतात. १० पॅनल जोडले की साधारण ५० फूट व्यासाचं रिंगण होतं. हरीण ते सहज ओलांडतं, डुकराला जमत नाही. रिंगण लहान केलं तर हरणं उडी मारून आत यायला कचरतात आणि अर्धा मका बाहेर उडतो. जमिनीवर गाई चरत असतील तर रिंगण हवंच, नाहीतर गाई फीडरभोवतीच मुक्काम ठोकतात.

चकतीभोवती पिंजरा बसवा. रॅकून पायांवरून चढून येतात आणि हातानं चकती फिरवून दाणे पाडतात. माझ्या कॅमेऱ्यात एका रात्रीत चार रॅकून आळीपाळीनं हे काम करताना दिसले आहेत. मुंग्यांसाठी डब्याची सगळी भोकं बुजवा. इथल्या फायर अँट विजेच्या डब्यांत हमखास घर करतात. कुंभारीण माशी नरसाळ्याच्या तोंडाशी मातीचं घरटं बांधते, तेही दर खेपेला काडीनं खरवडून काढायचं.

वेळा, आणि एका तासाचा घोळ

टेक्ससमध्ये हरणांचा बंदुकीचा मुख्य सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. आणि घड्याळं एक तास मागे जातात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. बहुतेक वर्षी म्हणजे दुसऱ्याच दिवशी! २०२५ मध्ये सीझन १ नोव्हेंबरला उघडला आणि घड्याळं २ नोव्हेंबरला बदलली. तुमचा फोन आपोआप बदलतो, टायमर बदलत नाही. हरणांना तर यातलं काहीच माहीत नसतं, त्यांचं घड्याळ सूर्याचं.

माझा उपाय असा: टायमर वर्षभर हिवाळी वेळेवरच ठेवते. डब्याच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवला आहे, "हिवाळी वेळ, हात लावू नका". ऑक्टोबरमध्ये फोन आणि टायमर यांत एका तासाचा फरक दिसतो, तो दिसू द्यायचा.

लॅनोच्या आसपास नोव्हेंबरच्या सुरुवातीला हिवाळी वेळेनुसार सूर्य ६.५० च्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. शिकारीची कायदेशीर वेळ उगवण्याआधी अर्ध्या तासापासून मावळल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. मी सकाळी ७.१५ आणि संध्याकाळी ४.४५ लावते. जानेवारीपर्यंत सूर्योदय साडेसातपर्यंत पुढे जातो, म्हणून डिसेंबरच्या मध्यात सकाळची वेळ ७.४० करते. दुपारी, रात्री जास्तीच्या वेळा लावू नका. रात्री टाकलेला मका डुकरं आणि रॅकूनच खातात.

फीडर सीझनच्या किमान पाच-सहा आठवडे आधी सुरू करा, आणि एकदा सुरू केला की खंड पडू देऊ नका. खंड पडला का, हे कळण्यासाठी फीडरकडे तोंड करून वीसेक फुटांवर ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) बांधा, शक्यतो उत्तरेकडे पाहणारा, म्हणजे ऊन भिंगावर येत नाही. फोटोंवरच्या वेळांवरून फीडर रोज फिरला की नाही, घड्याळ किती सरकलं, सगळं कळतं. एखाद्या वर्षी ओकला भरपूर फळं धरली की हरणं मक्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तेव्हा कॅमेऱ्यात फीडर फिरताना दिसत असेल तर तो उगाच उघडत बसू नका. आठवड्यातून दोनदा माणसाचा वास लागला की उरलीसुरली हरणंही लांब जातात.

या कॅमेऱ्यानं मला एक वेगळाच आनंद दिला. पहिल्याच हिवाळ्यात एका फोटोत ठिपक्याठिपक्यांची मोठी हरणं दिसली: चितळ! आपलेच, भारतातले. १९३२ मध्ये ते टेक्ससात आणले गेले आणि हिल कंट्रीत मोकळे वाढले. इथे त्यांना ॲक्सिस म्हणतात. काळवीटही आहेत, आणि दक्षिण टेक्ससमध्ये नीलगाई, ज्यांना विदर्भात रोही म्हणतात. इथे या परदेशी प्राण्यांना ठराविक सीझन नाही, परवाना मात्र लागतो. लहानपणी नागझिऱ्यात पाहिलेले चितळ मी लावलेल्या फीडरखाली उभे असलेले पाहून मी तो फोटो किती वेळ पाहत बसले होते. त्यांच्यावर गोळी चालवायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. आमच्या घरात चालवत नाहीत.

मका

अख्खा, चाळलेला, कोरडा मका. भरडलेला नको, त्याचा भुगा नरसाळ्यात बसतो. पोत्यावर अफ्लाटॉक्सिनचं प्रमाण २० पीपीबीच्या (अब्ज भागांत २० भाग) आत असल्याचा उल्लेख शोधा. हे बुरशीचं विष आहे. टर्की आणि बटेर अशा पक्ष्यांना ते फार बाधतं, आणि तुमच्या फीडरखाली हरणांइतकेच पक्षीही येतात. पोतं उघडल्यावर कुबट वास आला, दाण्यावर हिरवट-करडी पूड दिसली, तर स्वस्तात मिळाला म्हणून ओतू नका. आपण ज्या दाण्यांची भाकरी करणार नाही ते रानातल्या जीवांनाही घालू नयेत.

जमिनीला वन्यजीव व्यवस्थापनाखाली करसवलत घेतली असेल, तर त्यासाठी लागणाऱ्या सात कामांपैकी किमान तीन करावी लागतात आणि पूरक खाद्य हे त्यातलं एक आहे. पण शिकारीचा मक्याचा फीडर त्यात धरला जाईल असं गृहीत धरू नका. तिथे प्रथिनयुक्त खाद्याची अपेक्षा असते. काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात आधी विचारा.

दर खेपेला, आणि सीझन संपल्यावर

तीन-चार आठवड्यांनी भरायला जाल तेव्हा क्रम ठरवून घ्या. आधी बॅटरीचं व्होल्टेज. मग टायमरचं घड्याळ फोनशी ताडून पाहा. मग एकदा चाचणी, दाणे चारही बाजूंना सारखे उडतात का. त्यानंतरच पोती. पोती आधी ओतली आणि मग मोटर अडकलेली निघाली, तर ३०० पौंड मका खाली काढत बसावं लागतं.

जानेवारीत सीझन संपला की पिंप पूर्ण रिकामं करा, उरलेला मका तसाच सोडू नका. नरसाळं ओल्या फडक्यानं पुसा, दोन दिवस उन्हात झाकण उघडं ठेवा. बॅटरी काढून घरी आणा, पूर्ण चार्ज करा आणि गॅरेजमधल्या सावलीच्या फळीवर ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. टायमरचा डबा उघडून मुंग्यांची माती झाडा, पिना ब्रशनं घासा, व्हॅसलिन लावा. मग वहीत लिहून ठेवा: किती सेकंद लावले होते, किती पौंड पडले, बॅटरीची तारीख काय. ऑगस्टमध्ये चादरी पुन्हा अंथराल तेव्हा तोलायच्या आधी हे पान उघडा.